वेफर्सला मनाई, चेटकिणीलाही

लोला टॅप्लिन नावाच्या एक आजी होत्या. इंग्लंडमध्ये वूस्टरशर नावाचा परगणा आहे, त्यातल्या ब्रेटफर्टन या छोट्या गावात त्या राहायच्या. १९७७ साली त्या वारल्या. आपलं घर त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या नावे करून ठेवलं होतं. जुन्या वास्तू, वाडे, बागा सांभाळायचं काम ही संस्था १८९५ पासून करते आहे. तर घर संस्थेला मिळालं, पण घराबरोबर आजींची एक तंबीही मिळाली. काय असेल ती? सांगतात ते असं, की माझ्या घरात बटाट्याचे वेफर्स विकायचे नाहीत!

आता तुम्ही विचाराल, घरात वेफर्स विकायला बसणार कोण? शाबास. लोलाआजींचं घर नुसतं घर नव्हतंच. तो गावचा पब होता. ‘द फ्लीस इन’ त्याचं नाव. फ्लीस म्हणजे मेंढीच्या अंगावरून कातरून काढलेली सगळी लोकर.

थांबा, थांबा. ‘पब’ हा शब्द वाचून आईनं हे मासिक तुमच्या हातातून काढून घ्यायच्या आत सांगून टाकते. तिथल्या पेल्यांत काय असतं याच्याशी आपल्याला काडीचंही देणंघेणं नाही. आपण मान वर करून छताकडे बघणार आहोत, भिंतीवर टकटक करणार आहोत, आणि मग चुलीपुढे उकिडवं बसून फरशीवर काय काढलंय ते बघणार आहोत. त्याला वयाची अट नाही.

सिनेमातला पब म्हणजे अंधार, लाल-निळे दिवे आणि कान किटवणारं गाणं. इंग्लंडच्या खेड्यातला पब मात्र वेगळा. आपल्याकडे मारुतीचा पार, चहाची टपरी आणि ग्रामपंचायतीचा ओटा मिळून जे काम करतात, ते तिथे हा एकटा करतो. नावातच बघा. पब हे ‘पब्लिक हाऊस’चं लाडाचं छोटं रूप. पब्लिक म्हणजे सगळ्यांचं आणि हाऊस म्हणजे घर. १८३० साली तिथे एक कायदा झाला. वर्षाला दोन गिनी सरकारात भरल्या, की कुणालाही आपल्या राहत्या घरात बिअर बनवून विकायची मुभा मिळाली. मग काय, शेतकऱ्यानं पुढच्या खोलीत चार बाकडी टाकली, दाराशी पाटी लटकवली, झाला पब! मागच्या खोलीत कुणाचा तरी पाळणा हलतोय, माडीवर आजोबा खोकताहेत, आणि पुढे गावकऱ्यांच्या गप्पा रंगल्यात. फ्लीसचा पब झाला १८४८ साली. पण ते घर त्याच्या कितीतरी आधीचं, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून दोनशे वर्षं होती, तेव्हाचं! आणि बांधलं त्या दिवसापासून लोलाआजींपर्यंत ते एकाच घराण्याकडे राहिलं.

मग आधीची चारशे वर्षं या घरात कोण राहत होतं? शेतकरी राहत होता. आणि त्याच्याबरोबर त्याची गुरं.

हो, एकाच छपराखाली. अशा घराला तिकडे ‘लाँगहाऊस’ म्हणतात. आगगाडीच्या डब्यासारखं लांबलचक घर. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला जनावरं, आणि दोघांच्या मधून आरपार जाणारा एक बोळ. गुरांकडची जमीन बहुतेक वेळा उताराची करायचे. का ते ओळखा. शेणमूत माणसांकडे न वाहता बाहेर वाहून जावं म्हणून. आपल्या कोकणात, घाटावर घराला लागूनच गोठा असतो, तसंच हे. फक्त तिथली थंडी हाडं गोठवणारी, त्यामुळे गाय-बैल घरात असण्याचा आणखी एक फायदा व्हायचा. गाय म्हणजे चार पायांची शेगडीच, आणि तिला विजेचं बिल येत नाही.

आता हे घर बांधलं कसं ते बघू. माझ्या मते सगळ्यात भारी भाग हाच आहे.

त्या काळी बहुतेक सुतार घर दोनदा बांधायचे. पहिल्यांदा आडवं, आपल्या अंगणात. दुसऱ्यांदा उभं, जागेवर. लाकूड ओकच्या झाडाचं. खोड कुऱ्हाडीनं आणि तासणीनं चौकोनी करायचं. फळ्या कापायच्या असतील तर जमिनीत माणूसभर खोल खड्डा खणायचा, ओंडका त्यावर आडवा ठेवायचा आणि लांब करवत लावायची. एक जण वर ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. वरचा आखलेल्या रेघेवर नजर ठेवणार आणि खालचा दिवसभर डोळ्यांत, नाकात, कानात भुसा झेलणार. खालचा कोण होणार यावरून रोज सकाळी भांडण होत असेल, असं मला उगाचच वाटतं.

मग तासलेली लाकडं अंगणात आडवी मांडायची. हा खांब, ही तुळई, हा तिरपा टेकू, सगळं जमिनीवर जुळवून बघायचं. एका लाकडाला खाच आणि दुसऱ्याच्या टोकाला त्या खाचेत अचूक बसेल अशी लाकडाची जीभ. नीट बसलं, की पटाशीनं दोन्ही लाकडांवर एकच खूण कोरायची आणि सगळं पुन्हा सुटं करून बैलगाडीत घालायचं. घराच्या जागी पोचल्यावर खूण बघायची आणि जुळणी करायची. तीन रेघांची जीभ तीन रेघांच्या खाचेत, फुलीची फुलीत. आजही अशा घरातल्या तुळईवर बॅटरीचा झोत तिरपा टाकला, की त्या खुणा दिसतात.

खुणा म्हणजे रोमन आकडे. ते का? कारण पटाशीनं सरळ रेघ एका ठोक्यात उमटते. गोलाकार आकडा कोरत बसायला वेळ आहे कुणाला? पण एक गंमत बघा. शाळेत शिकवतात तसा चारचा आकडा, म्हणजे पाचच्या डावीकडे एक रेघ, हे सुतार सहसा काढायचे नाहीत. ते सरळ चार उभ्या रेघा ओढायचे. का बरं? एका कागदावर रोमन चार काढा. आता कागद उलटा धरा आणि डोक्यात सुताराची टोपी घालून वाचा. चारचा झाला ना सहासारखा? अंगणात पडलेलं लाकूड कोण कुठून बघेल सांगता येत नाही. सहाची तुळई चारच्या खांबावर चढवायची म्हणजे फजितीच.

आणि खिळे? या सांगाड्यात लोखंडाचा खिळा शोधून दाखवा. लाकडाला लाकूड धरून ठेवतं ते लाकडाच्याच खुंटीनं. त्यातही एक चलाखी आहे. खाचेच्या लाकडाला आरपार भोक पाडायचं, जिभेलाही पाडायचं, पण दोन्ही भोकं बरोबर समोरासमोर येऊ द्यायची नाहीत. जिभेचं भोक मुद्दाम किंचित आत सरकवायचं, दोन-तीन मिलिमीटर. मग टोकदार खुंटी हातोड्यानं ठोकायला लागलं, की ती वाकडी वाट काढत पुढे घुसते आणि घुसता घुसता जिभेला खाचेत ओढून घेते. सांधा असा गच्च होतो, की मधे पत्त्याचं पान जाणार नाही.

तर सांगाडा उभा राहिला. खांब, तुळया, वासे. भिंती कुठायत?

इथे मला माझ्या आजोळची आठवण येते. देवगडकडे आजोळचं जुनं घर होतं, त्याच्या पडवीची एक भिंत कुडाची. पावसाळ्यानंतर भिंतीचा पोपडा निघायचा आणि आतून कारवीच्या काठ्या डोकवायच्या. आम्ही मुलं त्या भोकात बोट घालून माती आणखी उकरायचो. आजीला कसं कळायचं कोण जाणे, ती आतूनच ओरडायची. मग संध्याकाळी आम्हालाच शेण आणायला पाठवायची आणि भोक लिंपायला लावायची.

तर इंग्लंडातल्या त्या घरांच्या भिंती कशाच्या होत्या? कुडाच्याच! दोन खांबांच्या मधल्या चौकटीत ओकच्या काठ्या उभ्या बसवायच्या. वरच्या लाकडाला भोकं आणि खालच्याला एक लांब खोबण. काठीचं वरचं टोक भोकात घालायचं आणि खालचं खोबणीतून सरकवत जागेवर आणायचं. मग हेझल नावाच्या झुडपाच्या लवचीक फोका त्या काठ्यांमधून आत-बाहेर, आत-बाहेर विणायच्या. टोपली विणतात ना, तश्शाच. मग दोन जण दोन बाजूंनी उभे राहून चिखल थापणार. चिखलात काय काय? माती, चिरलेला पेंढा आणि शेण. अगदी आजीचीच कृती! मातीनं भिंतीला अंग येतं. पेंढ्याचे धागे तिला धरून ठेवतात, म्हणून वाळताना मोठ्या भेगा पडत नाहीत. शेणानं चिखल चिकट होतो आणि हाताखाली छान पसरतो. वरून चुन्याचा हात. हजारो किलोमीटर दूर राहणाऱ्या, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन माणसांनी हाताशी आहे त्यातून भिंत करायला घेतली, आणि दोघांचेही हात शेणाकडे गेले.

या भिंतीवर टकटक करून पाहिलंत, तर लक्षात येईल, की ती काहीच उचलून धरत नाही. छपराचं सगळं ओझं खांबांवर. कूड नुसता वारा अडवायला. तुमच्या गावात नवी इमारत उठत असेल तर बघा. आधी काँक्रीटच्या खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा चार मजले वर जातो, विटांच्या भिंती नंतर मधे भरतात. युक्ती तीच, फक्त ओकच्या जागी सळई आणि सिमेंट.

जाता जाता एक. चित्रांत अशी घरं नेहमी काळ्या लाकडाची आणि पांढऱ्या भिंतींची दिसतात. पण लाकूड काळंकुट्ट रंगवायची हौस बरीचशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी ओक बऱ्याच ठिकाणी तसाच सोडायचे. ऊनपावसानं तो चंदेरी राखाडी होतो. किंवा भिंतीबरोबर त्यालाही चुना फासायचे. मला विचाराल तर राखाडीच जास्त छान दिसतो.

आता फोटोत दिसणारी दुसरी गोष्ट. ही घरं वाकडी असतात! खांब कललेला, तुळई मधे पोट काढून बसलेली, खिडकीची चौकट पतंगासारखी तिरपी. सुतार कच्चा होता का? छे. लाकूड कच्चं होतं.

वाळलेला ओक लोखंडासारखा टणक होतो, पटाशीला दाद देत नाही. म्हणून सुतार झाड तोडलं, की ओलं असतानाच कामाला घ्यायचे. अशा लाकडाला तिकडे ‘हिरवा ओक’ म्हणतात. रंग हिरवा नसतो हं, नुसता ओला. लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची मोळी असं समजा. पाणी आटलं, की नळ्यांच्या भिंती आकसतात. त्यामुळे लाकूड जाडीत आणि रुंदीत आकसतं, लांबीत मात्र जवळजवळ आहे तेवढंच राहतं. सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही, म्हणून पिळवटतं आणि वाकतं. घर बांधून झाल्यावर पुढची काही वर्षं ते असं आळोखेपिळोखे देत वाळत राहायचं. पण सांधे सुटायचे नाहीत. खुंटी आधीच वाळवलेली आणि सांधा ओला, त्यामुळे आकसणारं लाकूड खुंटीला आणखीच आवळायचं. वाकलं, पण तुटलं नाही.

वाकडेपणाचा विषय निघालाच आहे, तर एका भलत्याच वाकड्या पबबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. स्टॅफर्डशर परगण्यात हिमली गावाजवळ ‘क्रुकेड हाऊस’ होता. क्रुकेड म्हणजेच वाकडा. १७६५ मध्ये शेतघर म्हणून बांधलेली साधी विटांची इमारत. पण तिच्या पोटाखाली कोळशाच्या खाणी पोखरल्या गेल्या आणि जमीन खचली. घराची एक बाजू दुसरीपेक्षा सव्वा मीटरभर खाली गेली! आत लोक काचेची गोटी ठेवायचे आणि बघत राहायचे, कारण गोटी चढाकडे गडगडायची.

असं होईल का? गोटी चढ चढेल? मुळीच नाही. गोटीचं काहीच चुकत नव्हतं, चुकत होते आपले डोळे. चढ कुठला आणि उतार कुठला हे आपण खिडकीची चौकट, दाराची उभी कड, भिंत यांच्याकडे बघून ठरवतो. आणि तिथे तर भिंतीच कललेल्या! म्हणून जो उतार होता तोच चढ वाटायचा. फसलो आपण. गोटीला खिडक्या दिसत नाहीत, तिला फक्त पृथ्वीची ओढ कळते.

ऑगस्ट २०२३ मध्ये या पबला आग लागली आणि दोनच दिवसांत उरलेला सांगाडाही पाडून टाकला गेला. इंग्लंडभर लोक हळहळले आणि चिडलेही. पुढच्या वर्षी तिथल्या स्थानिक परिषदेनं मालकांना फर्मान काढलं, होता तसाच परत बांधा. गंमत बघा, मुद्दाम वाकडं घर बांधा असा हुकूम!

चला, परत आपल्या लाकडी घरात. वाकून या. वाकून म्हणतेय मी! डोकं आपटलं ना?

अशा जुन्या पबमध्ये खाली आलेल्या तुळईवर कधी कधी एक पाटी असते, ‘डक ऑर ग्राउज’. ही दोन पाखरांची नावं. डक म्हणजे बदक, ग्राउज हा तित्तिराच्या जातीतला पक्षी. पण इंग्रजीत डकचा दुसरा अर्थ होतो खाली वाक, आणि ग्राउजचा दुसरा अर्थ कुरकुर कर. म्हणजे वाकलात तर ठीक, नाहीतर बसा कपाळ चोळत.

छत इतकं खाली का? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे, त्या काळची माणसं बुटकी असतील. पण जुन्या दफनभूमीतल्या सांगाड्यांची मापं घेतली, तर मध्ययुगातला इंग्लिश पुरुष साधारण १७० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे तुमच्या बाबांएवढा. खरं कारण धुरात आहे.

सुरुवातीला बहुतेक घरांना धुराडंच नव्हतं. मधल्या मोठ्या खोलीत जमिनीवर विस्तव पेटायचा आणि वर छपरापर्यंत सगळं मोकळं. धूर वर जायचा, तिथे घुटमळायचा आणि छपरातून वाट काढत निघून जायचा. त्या काजळीनं काळे झालेले वासे आणि पेंढा काही घरांत आजही सापडतो. गवती छपराची गंमत अशी, की तिकडे शाकारताना बरेचदा जुना थर काढतच नाहीत, त्यावरच नवा चढवतात. त्यामुळे सगळ्यात तळाला पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा पेंढा जशाचा तसा राहतो. धुरानं कीडही लागत नाही. शास्त्रज्ञ त्यातल्या ओंब्या आणि तणाचं बी निवडून, त्या वेळी शेतात काय पिकत होतं ते सांगतात. आपल्याकडे पावसाळ्याआधी दरवर्षी छप्पर शाकारतात, म्हणून असा खजिना आपल्याला मिळत नाही.

पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात विटांची, दगडांची धुराडी आली. धूर सरळ नळातून बाहेर. मग लोकांच्या लक्षात आलं, की वरची एवढी मोठी पोकळी आता फुकट चाललीय. घातला मधे माळा! एका उंच खोलीच्या दोन ठेंगण्या खोल्या झाल्या. वर झोपायला जागा, खाली छत डोक्याशी. आणि ठेंगणी खोली लवकर तापते, हे आणखी एक.

धुराड्याखालची चूलही बघण्यासारखी असते. अशी चूल, की जिच्या आत जाऊन बाकावर बसता येईल. तिला ‘इंगलनूक’ म्हणतात, म्हणजे विस्तवाचा कोपरा. बाजूच्या भिंतीत एक छोटा कोनाडा असतो, तो मिठाचा. दमट हवेत मीठ पाझरतं, चुलीशेजारी कोरडं राहतं.

आणि आता उकिडवे बसा. फ्लीसमध्ये चुलीपुढच्या फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली आहेत. ती कशाला? चेटकिणीला अडवायला! दार बंद केलं, खिडक्या लावल्या, तरी धुराडं उघडंच राहतं. रात्री तिथून चेटकीण उतरली तर? तिनं वर्तुळात अडकून पडावं, म्हणून ही तजवीज. आजही ती वर्तुळं पुसट झाली, की पुन्हा काढतात. आपण उंबऱ्याशी रांगोळी काढतो, ते त्यांना सांगितलं तर त्यांना मुळीच नवल वाटणार नाही. फक्त आपली रांगोळी लक्ष्मीला ‘ये’ म्हणते.

वर्तुळाचा आणखी एक प्रकार जुन्या घरांच्या तुळयांवर आणि भिंतींवर कोरलेला सापडतो, सहा पाकळ्यांचं फूल. हे तुम्ही आत्ता काढू शकता. कंपासनं एक वर्तुळ काढा. कंपास तेवढाच उघडा ठेवा, जराही हलवू नका. टोक वर्तुळाच्या कडेवर टेकवा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कमान ओढा. कमान जिथे वर्तुळाला टेकली तिथे पुन्हा टोक ठेवा, पुन्हा कमान. सहा वेळा केलंत, की बरोबर जिथून निघालात तिथे परत! सातवी कमान लागत नाही, पाचात भागत नाही. कारण वर्तुळाच्या आत सहा समभुज त्रिकोण नेमके बसतात. चेटकीण घाबरायची की नाही ते माहीत नाही, पण भूमिती मात्र चोख आहे.

चुलीवरच्या तुळईवर कधी कधी अश्रूच्या थेंबासारखे जळके डाग दिसतात. पूर्वी सगळ्यांना वाटायचं, मेणबत्ती कलंडली असेल. मग काही जणांनी प्रयोग करून पाहिला. निष्काळजीपणानं तसा डाग पडेचना! ज्योत तिरपी धरून बराच वेळ तशीच ठेवली, तेव्हा कुठे तो थेंब उमटला. म्हणजे डाग मुद्दाम पाडलेले होते, बहुधा आगीपासून आणि वाईट शक्तींपासून राखण म्हणून. थोडं जाळून घेतलं, की मोठी आग लागत नाही, अशी काहीतरी समजूत असावी. आणि धुराड्यात लपवलेले जुने जोडे! फाटका, झिजलेला, बहुतेक वेळा एकाच पायाचा जोडा. घर दुरुस्त करताना असे इतके सापडले, की नॉर्दम्प्टनच्या संग्रहालयानं त्यांची खास नोंदवहीच ठेवली आहे.

फ्लीसवर आग मात्र आलीच. २००४ साली धुराड्यातून उडालेली ठिणगी गवती छपरावर पडली. घराचं खूप नुकसान झालं, पण २००५ मध्ये दुरुस्त होऊन ते पुन्हा उघडलं. तुम्ही म्हणाल, लाकडाचं घर आणि पेटल्यावर उरलं कसं? ओकची जाड तुळई पेटली, की आधी तिचा बाहेरचा थर कोळसा होतो. तो कोळसाच आतल्या लाकडाला ढालीसारखा झाकतो. उष्णता आत जायला वेळ लागतो, आणि आग मिनिटाला अर्धा मिलिमीटरच्या आसपासच आत सरकते. अर्ध्या तासात दीड सेंटिमीटर. तीस सेंटिमीटर जाडीच्या तुळईला तो नुसता ओरखडा. लोखंडी तुळई जळत नाही, पण साडेपाचशे-सहाशे अंशांना तिचं निम्मं बळ जातं आणि ती वाकते.

एक गोष्ट राहिली. अशा घराचं वय कसं काढतात? पबचा मालक म्हणेल, आमचं घर सातशे वर्षांचं आणि या तुळया बुडालेल्या जहाजाच्या आहेत बरं का! पुरावा म्हणून तुळईवरच्या रिकाम्या खाचा दाखवेल. ही जहाजाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक गावात ऐकू येते, समुद्रापासून शंभर किलोमीटरवरच्या गावातही. रिकाम्या खाचेचा खरा अर्थ साधा असतो. तिथे आधी दुसरं लाकूड बसवलेलं होतं, किंवा तुळई कुठल्या तरी पडक्या घरातून आणून इथे बसवली. चांगला ओक कोण फेकून देईल?

वय विचारायचं तर लाकडालाच. बोटाएवढी जाड पोकळ सुई फिरवत तुळईत घालतात आणि आतून लाकडाची एक कांडी काढतात. त्यात वर्षावर्षाची वलयं असतात. पाऊसपाणी चांगलं झालं त्या वर्षीचं वलय रुंद, दुष्काळातलं अरुंद. रुंद, रुंद, अरुंद, खूप अरुंद, रुंद... हा क्रम दुकानातल्या वस्तूवरच्या बारकोडसारखा. इंग्लंडच्या ओकचा असा क्रम शास्त्रज्ञांनी हजारो वर्षं मागेपर्यंत जोडून ठेवला आहे. त्यावर आपली कांडी सरकवत न्यायची, जुळली, की कळतं. कांडीच्या टोकाला झाडाची सालही टिकून असेल, तर झाड कोणत्या वर्षीच्या हिवाळ्यात तोडलं तेही सांगता येतं! ही विद्या सुरू केली अँड्र्यू डग्लस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं. त्याला खरं तर सूर्यावरच्या डागांचा माग काढायचा होता, म्हणून तो झाडांची वलयं मोजत बसला होता.

दाराबाहेरची पाटी बघून निघू या. वाचता न येणाऱ्यांसाठी पाटीवर चित्र. म्हणून फ्लीस, म्हणून रेड लायन, म्हणून व्हाइट हार्ट, म्हणजे पांढरं नर हरीण. व्हाइट हार्ट हे राजा दुसऱ्या रिचर्डचं चिन्ह. आणि एका पाटीमागे तर अख्खी गोष्ट आहे. १६५१ साली फ्लीसच्याच परगण्यात वूस्टरच्या लढाईत दुसऱ्या चार्ल्सचा पराभव झाला. तो पळाला आणि शेजारच्या परगण्यात एका ओकच्या झाडावर, पानांच्या दाटीत, दिवसभर लपून बसला. खाली सैनिक त्याला शोधत होते. नऊ वर्षांनी तोच राजा म्हणून परत आला. तेव्हापासून गावोगावी पबच्या दारावर ‘रॉयल ओक’, म्हणजे राजाचा ओक, झुलतो आहे. ओकनं राजा लपवला, आणि ओकच्याच तुळयांखाली लोक त्याची गोष्ट सांगत बसले.

फ्लीसमध्ये पाहुण्यांना मुक्कामही करता येतो. कधी गेलात, तर रात्री दिवा मालवल्यावर कान देऊन पडा. दिवसभर चुलीच्या उबेनं फुगलेलं लाकूड चूल विझली, की थंड होत आकसायला लागतं. मध्यरात्री डोक्यावर कुठेतरी आवाज येतो, टक्.

घाबरू नका. चेटकीण नाही. ती खाली वर्तुळात अडकलीय.